मेस्त्रींचा कान

कांबळे मेस्त्री कुठल्याही यंत्राला आधी हात लावत नसत, कान लावत. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आपण काही सांगायला गेलो की खेकसत, "गप बसा की जरा! ती सांगाय लागल्या न्हवं!"

कसबा बावड्यात ते आमच्या शेजारी राहायचे. नदीकाठचे शेतीपंप दुरुस्त करणं हा धंदा, पण कान काही धंद्यापुरता थांबत नसे. आमचा मिक्सर सुरू झाला की भिंतीपलीकडून आरोळी यायची, "वहिनी, बुश गेलाय!" एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना हे जनरेटरपाशी जाऊन बसले आणि मंगलाष्टकं चालू असतानाच ओरडले, "बंद करा, बेरिंग जातंय!" भटजीसुद्धा थांबले. बेरिंग खरंच गेलं. "आवाज खोटं बोलत न्हाई, पावणं," हे त्यांचं पालुपद. मी दहा वर्षांपासूनचा शेजारी, तरी पावणंच.

त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना जाऊन तीन वर्षं झाली होती. दम लागून गेल्या, एवढंच आम्हाला माहीत. त्याबद्दल मेस्त्री बोलत नसत.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. माझी सोनाली सातवीत, शाळेच्या खो-खो संघात. थंडी पडली, शेतात उसाचं पाचट पेटायला लागलं आणि पोरगी पहाटे खोकायला लागली. आम्ही अडुळसा पाजला, दही-केळी बंद केली. पळून आली की गुडघ्यांवर हात टेकून उभी राहायची. मी म्हणायचो, नाटकं. आज लिहितानाही स्वतःचा राग येतो. शेवटी बायकोनं खो-खोच बंद करायचं ठरवलं. सोनालीनं रडून घर डोक्यावर घेतलं.

त्याच आठवड्यात मेस्त्री आमची पाण्याची मोटार बघायला आले. सोनाली शाळेतून धावत आली आणि त्यांनी एकदम हात वर केला.

"शिट्टी वाजत्या!"

बायको स्वयंपाकघरात पळाली, कुकर बंद करून आली.

"कुकर न्हाई वो वहिनी, पोरीच्या छातीत! श्वास भाईर पडताना वाजत्या बघा. सलग वाक्य बोलवत न्हाई तिला. पहाटं खोकत्या, धुरानं खोकत्या, पळली की दमत्या. भिंतीतनं ऐकतोय की मी सगळं! सर्दी न्हवं ही. चला, गाडी काढा!"

स्कूटरवर मी, मध्ये सोनाली आणि मागे स्क्रूड्रायव्हरसकट मेस्त्री. शाहूपुरीतल्या डॉक्टरांसमोर त्यांनी मला तोंडच उघडू दिलं नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, नळीत फुंकर मारायला लावली. "दमा आहे. श्वासाच्या नळ्या सुजून आकसतात. औषध नेमानं घेतलं तर ही खो-खोसुद्धा खेळेल," म्हणाले आणि त्यांनी तोंडानं औषध ओढायचा पंप लिहून दिला.

पंप म्हटल्यावर मी बिचकलो. "नको डॉक्टर. सवय लागते. मुलीची जात, उद्या लग्नाचं..."

मेस्त्री माझ्याकडं बघत राहिले. मग इतक्या हळू बोलले, की मला वाकून ऐकावं लागलं.

"मीबी हेच म्हटलंतं. सुमनला पंप लिवून दिलता. मी म्हटलं, गावाचं पंप मी नीट करतोय आन् माझ्याच घरात पंप? लोक हसतील. शिट्टी ऐकू येत हुती वो मला. रोज."

त्या दिवशी आम्ही पंप घेऊनच घरी आलो.

पुढच्या हिवाळ्यात शाळांचे सामने झाले. काय पळाली पोरगी! एकटीनं तीन गडी टिपले. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. सामना जिंकून ती धापा टाकत बाहेर आली, सगळे तिला उचलायला धावले, तर मेस्त्री आडवे.

"गप बसा की जरा!"

त्यांनी वाकून तिच्या पाठीशी कान नेला, डोळे मिटले.

"न्हाई वाजत, सुमन," ते म्हणाले.

सोनालीनं नाव दुरुस्त केलं नाही. ती तशीच उभी राहिली.