तीन फेजची काठी

रंगनाथकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "हौदात पानी किती हाय?" यजमान बिचारा "या, बसा" म्हणत असायचा, तोवर काका न्हाणीपर्यंत पोचलेले असायचे. हातात कायम एक बांबूची काठी. ती हौदात उभी बुडवायची, वर काढून डोळ्यांसमोर धरायची, ओला भाग बोटानं चाचपायचा, मान हलवायची आणि मग बाहेर येऊन निवांत चहाला बसायचं. माझ्या नणंदेला पाहायला पाहुणे आले त्या दिवशीही काका असेच काठीसकट घरात शिरले. पाहुण्यांना वाटलं, जागेची मोजणी चाललीय, म्हणजे भावाभावांत काहीतरी वाद आहे. पुढचे पोहे त्यांनी अगदी गप्प बसून खाल्ले. लग्न जमलं, पण त्यांची समजूत घालता घालता आमच्या नाकी नऊ आले.

मी भोकरदनकडची. लग्न होऊन जालन्यात आले, तिथंच शाळेत लागले. त्यामुळे गल्लीत मला सगळे 'बाई' म्हणत. माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून काकांचं घर. ही सगळी गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची. तेव्हा आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि आला की कुणाच्या तरी घरी लग्न निघाल्यासारखी पळापळ व्हायची. पातेली, घागरी, डबे, एकदा तर मी दिवाळीचा चिवड्याचा डबा रिकामा करून त्यात पाणी भरलं. अशा गावात हा माणूस पाणी शोधत फिरायचा, आणि तेही कशासाठी? प्यायला नाही, खेळायला! घराच्या जवळपास, बायालेकरांना बिनधास्त डुंबता येईल असं पाणी. काकांनी आयुष्यात दुसरं काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

त्यांचा धंदा मात्र या शोधाला अगदी सोयीचा होता. शेतातल्या विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्यांच्या पोटातली तांब्याची तार काढून नवी भरायची, हे त्यांचं दुकान. बदनापूरपासून वाटूरपर्यंतचे शेतकरी खांद्यावर मोटार घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि डोक्याला हात लावून बसायचे.

"काका, जल्दी भरून द्या. गहू वाळून राह्यला."

"भरतो. हौद केवढा हाय तुमचा?"

"हौदाचं काय घेऊन बसले? मोटार जळली."

"हौदावर सावली?"

"हाय ना. आंब्याची."

"कुत्रं चावरं हाय का?"

"अवो काका, मोटार काय कुत्र्यानं जाळली का?"

तो वैतागायचा, पण उत्तरं द्यायचा. कारण काकांच्या हातची मोटार पुन्हा लवकर जळत नसे. काम झालं की काका म्हणायचे, "आता येत्या ऐतवारी टॅक्टर पाठवा. ट्रॉली धुऊन पाठवा, लेकरं बसणार हायेत."

त्या काठीला काकांनी मोटारीच्या वायरला गुंडाळतात ती चिकटपट्टी तीन ठिकाणी गुंडाळली होती. खाली लाल, मधे पिवळी, वर निळी. विहिरीवरच्या मोटारीला विजेच्या तीन तारा लागतात, त्या तीन फेजचे हे तीन रंग. लाल म्हणजे लेकरांच्या गुडघ्याएवढं पाणी. पिवळी म्हणजे बायांच्या कमरेएवढं. निळी पट्टी मात्र पार खांद्याच्याही वर होती आणि तिथवर पाणी लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नुसत्या लाल-पिवळ्यावर भागलं की काका काठी झटकून पुटपुटायचे, "दोन फेजवर चालून राह्यलं."

"काका, इतक्या खोल पाण्यात उतरणार कोण? ती निळी काढून टाका ना," मी एकदा म्हटलं.

"न्हाई बाई. तीन फेज पाहिजेतच. दोनावर चालवली का मोटार जळती."

मी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे विजेच्या बाबतीत गप्प बसले.

काकांची पहिली सहल मी जन्मात विसरणार नाही. बदनापूरजवळचं एक शेत. मोठा हौद, त्यात मांडीएवढ्या जाड धारेनं मोटारीचं पाणी पडतंय. काकांनी आदल्या दिवशी जाऊन सगळं तपासलेलं. तळाला खडा आहे का हे पाहायला म्हणे अनवाणी हौदभर चालून आले होते. सकाळी ट्रॉली गल्लीत लागली आणि काका खाली उतरून बघतात तो काय, ट्रॉलीत लेकरं कमी आणि गाठोडी जास्त. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायांनी वर्षभराच्या वाकळा-गोधड्या धुवायला घेतल्या होत्या! त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू. आठवड्यातून एकदा नळ बघणाऱ्या बाईला धो धो पाणी आहे म्हणून सांगितलं, तर तिला आधी काय आठवणार? सतरंजी.

काका हौदाच्या काठावर उभे राहून अक्षरशः हात जोडत होते. "बायांनो, म्या तुम्हाला खेळायला आणलं. धुनं धुवायला न्हाई! वाकळ सोडा, पाण्यात उतरा!"

"उतरतो ना काका, एवढी एक पिळली का उतरतो."

वाकळा संपल्या तर डोकी निघाली. घरात तांब्या-तांब्यानं केस धुणाऱ्या आम्ही. पाच जणींनी केसांना भरपूर शिकेकाई चोळली, धारेखाली जायला उभ्या राहिलो आणि लाइट गेली. धार बारीक झाली, ठिबकली, थांबली. हौदातलं पाणी तर वाकळांनी काळं करून ठेवलेलं. शिकेकाई डोळ्यांत उतरायला लागली. दीड तास आम्ही डोळे मिटून आंब्याखाली रांगेत बसलो होतो आणि लेकरं आमच्याकडं बघून हसत लोळत होती. काका मात्र लेकरांना म्हणाले, "हसू नका रे. तुमच्या आया बराबर हायेत. गावच असं हाय, त्याला कोण काय करणार?"

त्यानंतर काकांनी नियम केला. ट्रॉलीत गाठोडं दिसलं की बाई खाली.

एकदा गावाबाहेर पाण्याच्या मोठ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह गळायला लागला आणि पाण्याचा फवारा पुरुषभर उंच उडायला लागला. काकांनी तासाभरात अख्खी गल्ली तिथं नेली. लेकरं फवाऱ्यात नाचली, पाठोपाठ दोन म्हशी नाचल्या, मग न राहवून मीही पदर खोचून नाचले. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीचा माणूस आला, तर काका त्याच्या पान्ह्यावर हात ठेवून उभे. "भाऊ, शनवार-ऐतवार जाऊ द्या. सोमवारी मी स्वतः आवळून देतो, बिलकुल थेंब गळणार न्हाई." मला तेव्हा काकांचा रागच आला. लोकांच्या घरी प्यायला पाणी नाही, इथं ते उडून चाललंय. तसं मी बोललेही. काकांनी लगेच पान्हा सोडला. "तेही बराबर हाय बाई," म्हणाले आणि त्या माणसाला व्हॉल्व्ह आवळायला मदत करून घरी आले. दोन दिवस त्यांचं तोंड उतरलेलं होतं.

काकांना मूलबाळ नव्हतं. गल्लीनं त्यांच्या वेडाचा अर्थ तिथंच लावून टाकला होता. "लेकरांची हौस हाय बिचाऱ्याला, दुसऱ्याच्या लेकरांवर भागवतो." मलाही ते पटायचं आणि काकांची फार दया यायची.

आणि सुभद्राकाकू? काकूंचं न् पाण्याचं वाकडं, असं सगळ्यांचं मत. त्या प्रत्येक सहलीला यायच्या. गल्लीतल्या सगळ्याजणी सहावारीत आल्या तरी काकूंचं नऊवारी लुगडं सुटलं नव्हतं. काठावर बसायचं, सगळ्यांच्या चपला ओळीत लावायच्या, आमच्या बांगड्या-मंगळसूत्रं ओटीत सांभाळायची. "काकू, निदान पाय तरी बुडवा," म्हटलं तर, "पाय बुडवून काय होतंय माय?" इतकंच म्हणायच्या. निघताना काका एकदा त्यांच्याकडं बघायचे, त्या काकांकडं बघायच्या आणि काका काठी झटकायचे.

मग एक वर्ष पाऊस भरपूर झाला. गुढीपाडवा उलटून गेला तरी विहिरींना पाणी होतं. एका दुपारी मी पेपर तपासत बसले होते, तर दारात काका. डोक्यापासून पायापर्यंत चिंब, धोतर अंगाला चिकटलेलं, हातात काठी.

"बाई, घावलं! तिन्ही फेज!"

भोकरदनच्या रस्त्यानं थोडं आत एक शेत होतं. लेकरांना हौद. बाजूला जुनी दगडी विहीर, एका अंगानं खालपर्यंत पायऱ्या, त्यामुळे बायांना हव्या तेवढ्या पाण्यात उतरता येईल. मधे पाणी खोल. आणि विहिरीच्या चारी बाजूंनी पुरुषभर उंचीचा ऊस. आडोसा असा, की शेजारच्या बांधावरच्या माणसालाही आत काय चाललंय ते दिसू नये.

"घरापासून अर्धा तास," काका म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं, ओल्या कपड्यांनी गारठले असतील. बाहेर ऊन मी म्हणत होतं, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या रविवारी काकांनी सगळ्या गड्यांना लांब आंब्याखाली बसवलं. ट्रॅक्टरवाल्यालाही तिकडंच धाडलं. आणि स्वतः विहिरीजवळच, उसातून रस्त्याकडं जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, विहिरीकडं पाठ करून, काठी रोवून उभे राहिले. राखणीला. आम्ही पायऱ्यांवर उतरलो. लेकरं हौदात ओरडत होती, कुणी कुणावर पाणी उडवत होतं, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी एकीलाही वाकळ आठवली नाही.

मी वरच्या पायरीवर होते. काकू शेजारी, ओटीत सगळ्यांच्या दागिन्यांचं पुडकं. अचानक म्हणाल्या, "बाई, हे धरा जरा."

मी पुडकं धरलं. काकू उठल्या. पदर कमरेला आवळला, कासोटा घट्ट केला. मला वाटलं, आज पाय बुडवतात वाटतं. पण त्या पायऱ्यांकडं गेल्याच नाहीत. विहिरीच्या पलीकडच्या उंच दगडावर जाऊन उभ्या राहिल्या. मी "काकू!" म्हणून ओरडेपर्यंत दगडावर कुणी नव्हतं आणि खाली धप्पकन आवाज झाला.

मी पुडकं छातीशी धरून उसाकडं पळाले. "काका, पळा! काकू विहिरीत पडल्या!"

काका वळले नाहीत. "पडली का उडी हाणली?"

"उडी... उडीच मारली!"

"पायरीवरून का दगडावरून?"

"दगडावरून!"

"मंग घाई न्हाई," काका म्हणाले.

मी मागं बघितलं. बायांचा गलका चालला होता. विहिरीच्या मधोमध काकूंचं डोकं वर आलं, त्यांनी चूळ भरून पाणी उडवलं आणि एक हात, दुसरा हात करत त्या पलीकडच्या भिंतीला शिवून परत आल्या. पन्नाशीची बाई, पण पाण्यात वय कुठं दिसत होतं!

"तिचं माहेर गोदावरीच्या काठाला," काका समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाले. "पोरापोरींत सगळ्यात आधी पल्याडच्या काठाला ही लागायची. मी पाह्यला गेल्तो तवा पोरगी घरातच नव्हती, नदीत होती. न् मी तिला कुठं आणलं? जिथं हप्त्याला येक डाव नळ येतो तिथं. येका शब्दानं बोलली न्हाई आजपावतर."

"अहो, मग त्यांना घेऊन यायचं ना कुठल्याही विहिरीवर! गल्लीची वरात कशाला?"

"तिला येकटीला?" काका घाबरल्यासारखे झाले. "लोक काय म्हणतील बाई? रंगनाथ बायकोला पवायला घेऊन फिरून राह्यला! समदे आले का कुनाच्या ध्यानात येत न्हाई."

म्हणजे आम्ही, आमची लेकरं, ट्रॉल्या, हौद, त्या दोन म्हशी, सगळा आडोसाच होता तर. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. इतकी वर्षं मी या माणसाची कीव करत होते, त्याची आता माझी मलाच लाज वाटली.

काकांनी रोवलेली काठी उपटून पुन्हा रोवली. मग हळूच म्हणाले, "बाई, सांगा ना. काय करून राह्यली आता?"

इतर बाया पाण्यात होत्या, म्हणून ते मागं बघणार नव्हते. तेव्हा मीच बघितलं आणि सांगितलं. "उताण्या पडल्यात पाण्यावर. डोळे मिटलेत. अंबाडा सुटलाय."

"हसून राह्यली का?"

"हो काका."

तेवढ्यात विहिरीतून हाक आली. काकूंचा एवढा मोठा आवाज गल्लीत कुणी ऐकला नव्हता. "अवो! आयकलं का? लई खोल हाय हो!"

रंगनाथकाकांनी पाठ तशीच ठेवली आणि रस्त्याकडं तोंड करूनच ओरडले, "मला ठाव हाय! चार डाव बुडी मारून पाह्यलंय मी!"