जावयाच्या गाडीचं रबिंग-पॉलिश

गाडीवरचा ओरखडा घालवायला गॅरेज कशाला हवं? मी आहे ना!

झालं असं की, संध्याकाळी आमच्या पोशीरच्या देवळात बुवांचं कीर्तन. वर्षभर मोबाईलवर ऐकलेले बुवा, तेही जावयाच्या गाडीतून येणार! आणि म्हशीने नेमकं त्याच गाडीच्या दारावर शिंग घासलं. जावई सहदेवराव मित्राच्या बाईकवरून कर्जतला हार आणायला गेलेले. ते यायच्या आत काम उरकायचं!

अर्धा ओरखडा मी फडक्याने, हाताने घासला. पुसट झाला की हो!

"बास करा आता," बायको जयवंता म्हणाली.

"थांब गं! मशीन काय करतं ते बी बघू!"

पॉलिशचं मशीन चौक गावच्या गॅरेजवाल्या साईनाथकडून मागून आणलेलं. त्याने बजावलं होतं, "काका, फिरतं ठेवा. एका जागी थांबलात की रंग जळला!"

मशीनची घरघर फार, म्हणून मी कानात इअरफोन घालून बुवांचं गजेंद्रमोक्षाचं कीर्तन लावलं. मगरीने पाय धरला, हत्तीने हाक मारली, नारायण धावले... माझा श्वास थांबला, हात थांबला. मशीन तेवढं थांबलं नाही!

जयवंता समोर येऊन दोन्ही हात हलवू लागली. म्हटलं, वा, हीसुद्धा रंगली! मी मान डोलावली. शेवटी तिने वायरच उपटली.

"ओरखडा गेला ना?"

"गेला! रंगाला बी संगती घेऊन गेला!"

भाकरीएवढा पत्रा उघडा!

सहदेवराव आले. पाहिलं. सासऱ्यावर ओरडणार कसं?

"मामा, देवळापुढं सगळा गाव गाडी बघणार. माझी अब्रू तुमच्या हातात हाय."

"हातात?"

"पाठीत म्हणा! डागाला पाठ लावून उभं राहायचं. माणसं जाईस्तोवर हलायचं नाय."

झालं! संध्याकाळी बुवा गाडीतून उतरले, कीर्तन सुरू झालं, आणि पुढच्या सतरंजीवर बसायची स्वप्नं बघणारा मी मंडपाबाहेर गाडीला चिकटून उभा.

बुवांची नजर गेली. "अहो माऊली, लांब का? पुढे या!"

"नको महाराज, मी इथंच बरा!"

"बघा, केवढी ही नम्रता!" बुवा गहिवरले. मंडप मागे वळला. टाळ्या! बुवा गळ्यातला हार काढून थेट माझ्याकडे चालत आले. गर्दीतून सहदेवराव जिवाच्या आकांताने मान हलवत होते. पण साक्षात बुवा समोर! मला राहवेना.

आणि पाया पडायचं म्हणजे वाकावं लागतं हो!