मोरपंखी ओढणीची मौखिक परीक्षा

विद्यार्थी हजर आहे की नाही, हे त्याच्याकडे बघून ठरवणं अशास्त्रीय आहे, असा गंभीर निष्कर्ष सुरतेच्या एका विद्यापीठातल्या संगणक विभागाने काढला. म्हणून फाटकावर चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवण्यात आला. प्रकल्प डॉ. पराग टिपरे यांचा, निधी सरकारचा आणि मेहनत त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी धनश्री पाटील हिची. शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

यंत्राला शिकवायला फोटो लागतात. धनश्री म्हणाली, वर्गात काढू.

"छे! नैसर्गिक परिस्थितीत काढ," सर म्हणाले. "फाटकावर."

सुरतेतल्या मुलीची फाटकावरची नैसर्गिक परिस्थिती म्हणजे मोपेड, गॉगल आणि उन्हापायी नाका-कानांसकट डोकं गुंडाळणारी ओढणी. धनश्रीची मोरपंखी बांधणीची होती; मोपेडच्या डिकीतच पडलेली असायची. यंत्र बिचारं इमानी. दाखवलं ते शिकलं. निबंध परदेशात वाचला गेला, सरांचा फोटो छापून आला. त्यात सरांचा चेहरा मात्र उघडा होता.

मग परिपत्रक निघालं: यापुढे यंत्राने ओळखलेल्या उमेदवारालाच पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला बसता येईल. पहिली उमेदवार धनश्रीच.

परीक्षेच्या सकाळी डिकी रिकामी.

"आई, माझी ओढणी?"

"ती जुनी? बोहारनले दिधी," शोभाबाई म्हणाल्या. "हाऊ डबा लिधा. देख, कसा चमकस!"

धनश्री पर्वत पाटियाच्या कापडबाजारापर्यंत जाऊन आली. पण जिथे डिझाइन आठवड्यात म्हातारं होतं, तिथे मागच्या वर्षीची बांधणी मागणाऱ्या मुलीकडे दुकानदार दयेने बघतात. शेवटी ती उघड्या चेहऱ्याने फाटकावर उभी राहिली. पडद्यावर लाल अक्षरं आली: अनोळखी व्यक्ती.

"बेन, मशीन ना पाडे छे," पाच वर्षं तिला रोज नमस्ते करणारा रखवालदार म्हणाला.

तिने सरांना फोन लावला. सर धावत आले आणि फाटकाच्या गजांआडच थांबले.

"सर, तुम्ही तरी सांगा ना, मी धनश्री आहे!"

"मला दिसतंय गं. पण माझं दिसणं व्यक्तिनिष्ठ."

"मग यंत्र चुकलं म्हणा."

"तसं म्हटलं तर निबंध मागे घ्यावा लागेल, निधी परत करावा लागेल. त्यापेक्षा तू चुकलीस हे म्हणणं सोपं." सरांनी घड्याळ पाहिलं. "चेहऱ्याचं काहीतरी कर. परीक्षक आलेत."

तेवढ्यात प्राध्यापकांच्या वसाहतीत जुने कपडे मागायला निघालेली बोहारीण आली. हातात भांड्यांची टोपली, डोक्याला उन्हासाठी नाका-कानांसकट गुंडाळलेली मोरपंखी ओढणी. पडदा हिरवा झाला: धनश्री पाटील. ओळख पक्की.

"बेन, जलदी जाव, बधा राह जुए छे!" सगळे वाट बघताहेत म्हणून घाई करत रखवालदाराने टोपली उचलली आणि तिला थेट परीक्षेच्या खोलीत नेऊन बसवलं. सर मागोमाग आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याच्या छापील नोंदीकडे पाहिलं आणि सही केली.

बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या कामात नवं काय?"

"नवं कुठलं साहेब? लोकांचं जुनं उचलायचं, धुवायचं, नीट घडी घालून नवं म्हणून खपवायचं."

दोन प्राध्यापकांना उगाच खोकला आला.

"मर्यादा?"

"फाटकं घेत नाही."

"पुढील संशोधनाची दिशा?"

"पुढची गल्ली."

एवढी प्रांजळ संशोधनपद्धती आपण आजवर ऐकली नाही, असा शेरा मारून परीक्षकांनी पदवीची शिफारस केली. बोहारणीने जाताना त्यांचा कोट चाचपून पाहिला आणि एक पातेलं कबूल केलं.

धनश्री फाटकाबाहेर रडत होती. सर म्हणाले, "पदवी तुझ्याच नावावर आहे ना? मग चेहऱ्याचा हट्ट कशाला?"

घरी शोभाबाईंनी तिची समजूत घातली, "जाऊ दे बेटा. डबा ते घरमा शे."

पुढच्या रविवारी समाजमंडळाने डॉ. धनश्रीचा सत्कार ठेवला. कार्यकर्त्यांकडे विद्यापीठाने पाठवलेला फोटो होता, आणि फोटोत ओढणी. त्यांनी बरोबर तीच ओढणी हुडकून मंचावर बसवली. तिला शाल घातली, नारळ दिला, समाजाची लेक म्हणून भाषण झालं. शेवटच्या रांगेतून धनश्री उभी राहून ओरडली, "अहो, ती मी नाही! मी इथे आहे!"

"ताई, खाली बसा, मागच्यांना दिसत नाहीये," असं तिला कोणीतरी दरडावलं.

तो आवाज तुमचाच होता. नंतर तुम्ही कडकडून टाळ्या वाजवल्यात, मंचावर जाऊन शालीसोबत फोटो काढलात आणि जेवणाची रांग धरलीत. आता मोबाइल न उघडता सांगा बघू, शालीतला चेहरा कसा होता?