राहेलबाईंची समुद्रापार स्वारी आणि कुदळीचा तह

॥ प्रभुकृपा ॥ ज्याणें रानांत उपाशी लोकांस मन्ना खाऊं घातला त्या प्रभूचें स्मरण करून, शके एकोणीसशें सहा, रक्ताक्षी नाम संवत्सरीं, नाताळास पंधरा दिवस असतां, समुद्रापलीकडील मक्याच्या मुलखीं जें वर्तमान जाहलें तें लिहितों.

ऐसीजे, त्या मुलखीं नगर प्रांतीचे पाळक शांतवनराव वाघचौरे तीन वर्षें प्रभूचें वचन सांगत होते, आणि घरचा कारभार त्यांचे कुटुंब करुणाबाई यांजकडे, आणि एकुलती कन्या सुवार्ता, वय वर्षें सहा, तीस तेथील बोली आईबापांहून चांगली येत असे. इतक्यांत पत्र आलें कीं, शांतवनरावांच्या मातोश्री राहेलबाई दोन महिन्यांच्या मुक्कामास निघाल्या, आणि परततेवेळीं नातीस नगरास बोर्डिंगांत घालावयास सवें नेणार, रानांत पोरीचें वाटोळें होऊं देणार नाहींत. करुणाबाईंनीं पत्र दोनदां वाचिलें. लेकीवांचून त्यांणीं एक दिवस काढिला नव्हता. नवऱ्यास पुढें करावें, तर ते उपदेशांत सिंह आणि मातोश्रींपुढें गाय. मग बाईंनीं मनांशीं मसलत केली कीं, पाहुणचारांत तसूभर उणें पडूं द्यावयाचें नाहीं; सासू संतोषली म्हणजे शब्द टाकितां येईल.

मग राहेलबाईंची स्वारी दाखल जाहली, सवें दोन ट्रंका, त्यांत शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि कुरडया, आणि करुणाबाईंनीं त्यांस व्हरांड्यांत खुर्चीवर बसविलें आणि पाण्याचा तांब्यादेखील उचलूं दिला नाहीं. तीन दिवस गांवच्या बाया रताळीं आणि भुईमूग घेऊन आल्या, गाणीं गाइलीं, बहुत रंग जाहला. चौथे दिवशीं सकाळीं शेजारची मुतिंताबाई, जी गांवांत वडील, ती नवी कुदळ घेऊन आली आणि दोहों हातांनीं राहेलबाईंपुढें धरिली. करुणाबाई हबकल्या. सासू सातासमुद्रांपलीकडून आली आणि तीस शेतीं राबवावें! घाईघाईनें कुदळ परत केली आणि बोलिल्या, "या पाहुण्या आहेत. या काम करणार नाहीत." मुतिंताबाई कुदळ घेऊन माघारी गेली, आणि दुसरे दिवसापासून व्हरांड्याकडे चिटपाखरूं फिरकेना.

मग राहेलबाई खुर्चीवर एकट्या. हातांत आयता चहा, पुढें मोकळा रस्ता, बोलावयास माणूस नाहीं. ऐसा महिना लोटला आणि एके दुपारीं बोलिल्या, "करुणे, तुझ्या करण्यात काय उणं न्हाई. पर हितं माणूस माणसाकडं येत न्हाई गं. पोरगी मुकी व्हईल. जाताना न्हेतेच तिला." करुणाबाई आंत जाऊन पिठाच्या डब्यापाशीं रडल्या. इतकें जपलें आणि सगळें उलटें पडलें, हें त्यांस उमगेना.

तेव्हां सुवार्ता आजीच्या मांडीवर बसून बोलिली, "आजी, तू पाहुणी आहेस ना, म्हणून कुणी येत नाही. चौथ्या दिवशी कुदळ घेतली की माणूस घरचं होतं. आईनं ती परत दिली. त्यांना वाटतं, तुला त्यांच्यात यायचं नाही."

दारांत करुणाबाईंनीं तोंडावर हात ठेविला. त्यांसही तीन वर्षांमागें ऐसीच कुदळ आली होती. ती भेट समजून त्याच दिवशीं परसांत वाफे खणले, म्हणून रिवाज कळलाच नव्हता. "आई, माझंच चुकलं," बोलिल्या.

"चुकलं तर चुकलं. माझ्या चपला कुठं हायत?" ऐसें बोलून राहेलबाईंनीं पदर खोंचिला आणि नीट मुतिंताबाईच्या शेतावर चालून गेल्या आणि दोनी हात पुढें केले. कुदळ हातीं आली, बायांनीं जिभा हालवून ऐसा कल्लोळ केला कीं पांखरें उडालीं, आणि मग अर्धा जन्म बाजरींत काढिलेल्या त्या बाईनें तीन ओळी तण उपटून काढिलें, आणि मका फार दाट पेरिला म्हणून मुतिंताबाईशीं मराठींत भांडल्या, आणि ती आपल्या बोलींत भांडली, आणि दोघींस एक अक्षर न कळतां दोघींचें समाधान जाहलें. तेथून पुढें व्हरांड्यांत पाय ठेवावयास जागा नसे, आणि घरच्या माणसाचा जिन्नस तो आपलाच, या न्यायें चटणीचा फडशा आठ दिवसांत पडला.

मग निघण्याचा दिवस जवळ आला. शांतवनराव तिकिटांचें पुसावयास आले आणि खांबाआड उभे राहिले. तेव्हां करुणाबाईच धीर करून बोलिल्या, "आई, सुवार्तेला नेऊ नका. माझा जीव नाही राहायचा."

राहेलबाई दाणे सोलीत होत्या, मान वर न करितां बोलिल्या, "तिला कशाला न्हेऊ? गावभर आया हायत तिला. आन मी तरी कशी जाऊ? मक्याला तुरा आलाय. कणसं हाताशी आल्याबिगर शेत टाकून कोन जातं?"

करुणाबाई हंसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदांच.

तात्पर्य, नात न्यावयास आलेली स्वारी नातीपाशींच मुक्कामीं राहिली. करुणाबाई सुखी आहेत. भाकरी कैसी थापावी हें दिवसांतून दोन वेळां ऐकून घेतात आणि हूं म्हणतात. येणेंप्रमाणें वर्तमान घडलें तैसें लिहिलें, लेखनसीमा.