कुकरच्या शिट्टीची लिंक

अण्णाजींच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस भांड्यांवर नावं टाकण्यात गेला. पुलगावच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि लग्नसराई असल्यामुळे नाव टाकायचं मशीन सकाळपासून घरघरत होतं. कोणाकडून, कोणाला, सप्रेम भेट. भांडं हातात पडलं की माणूस आधी ते फिरवून नाव वाचतो आणि मग गळतं का ते पाहतो, हे त्यांनी हयातभर पाहिलं होतं.

दुपारी एक बाई कुकरची शिट्टी विचारायला आली. अण्णाजी शिट्ट्या ठेवत नसत. ते गादीवरून उतरले, ओट्यावर आले, हात लांब केला आणि म्हणाले, "रूपरावकडे जाय, पाण्याच्या टाकीजवळ. माह्यं नाव सांगजो."

आत कॉम्प्युटरपुढे बसलेल्या उज्वलाने, त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, सुस्कारा सोडला. २००३ साल होतं. वर्ध्याहून कोर्स करून आलेली उज्वला दुकानाची वेबसाइट बनवत होती, बाजारातली पहिली. रूपराव कुकर दुरुस्त करी आणि जमेल तशा चार कढयाही विके. आलेलं गिऱ्हाईक आपल्या हाताने त्याच्या दारात नेऊन घालायचं, तर दुकान उघडायचंच कशाला, हा तिचा जुना प्रश्न होता. पाठवलेलं गिऱ्हाईक वापस येते, हे अण्णाजींचं तितकंच जुनं उत्तर.

त्या दिवशी त्यांनी आणखी एक फर्मान काढलं. आपल्याकडे जे मिळत नाही ते कुठे मिळतं, हेही वेबसाइटवर आलं पाहिजे. शिट्टी रूपरावकडे, गाद्या चंद्रभानकडे, पेढे डोमाजीकडे. प्रत्येकापुढे एकच वाक्य: माझं नाव सांगा. उज्वलाने तोंड वाकडं करून तीन ओळी टाकल्या. संध्याकाळी अण्णाजींनी चष्मा पुसून त्या वाचल्या आणि हे घासून पुसलं जातं का, असं विचारलं. ती नाही म्हणाली.

"मंग भांड्यापेक्षा बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही.

तेरवीनंतर बाजाराच्या व्यापारी शिष्टाचार मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्ष सदाशिवराव कापडवाले यांनी दिवंगताच्या सरळ स्वभावाचा गौरव केला, सर्वांना उभं करून मौन पाळायला लावलं, आणि सर्वजण बसण्यापूर्वीच दुसरा विषय पुकारला. कै. अण्णाजी जाता जाता तीन दुकानांची नावं घेऊन गेले होते. याचा अर्थ उरलेल्या सर्व दुकानांची नावं त्यांनी घेतली नव्हती. बाजाराची झालेली ही हानी भरून कशी काढावी?

चर्चेअंती वेबसाइटवरची अशी ओळ, म्हणजे लिंक, हा आहेर आहे, असं ठरलं. अण्णाजींनी हयातभर आहेराच्या भांड्यांवर नावं टाकली होती, तेव्हा त्यांच्या मनात दुसरं काही असणं शक्यच नव्हतं. आणि आहेर म्हटला की तो फेडावा लागतो.

डोमाजींनी सर्वांत आधी फेडला. त्यासाठी त्यांनी मुद्दाम वेबसाइट काढली आणि तीवर अण्णाजींच्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात टाकलं, कारण घेतला तेवढाच आहेर परत करणं बरं दिसत नाही. चंद्रभान गादीवाल्याने ते नाव लुकलुकतं केलं. ज्यांना अण्णाजींनी काहीच दिलं नव्हतं त्यांनी आधी देऊन ठेवलं, म्हणजे उज्वलाला फेडावं लागेल. पावसाळा संपेस्तोवर बाजारात वेबसाइट नाही असं दुकान राहिलं नाही. एका रूपरावाचं सोडून.

मग रुसवे सुरू झाले. कोणाचं नाव कोणाच्या खाली आहे, यावरून दोन सख्खे साडू बोलेनासे झाले. बाराखडीप्रमाणे नावं लावण्याची सूचना आली, ती सदाशिवरावांनी स हे अक्षर फार मागे आहे म्हणून फेटाळली. वयाप्रमाणे लावायचं ठरलं, तर पंचावन्नचे व्यापारी आठवडाभरात पंच्याहत्तरीचे झाले आणि चंद्रभान आपल्याच वडिलांपेक्षा वडील निघाला. अखेर मंडळाने गोल पद्धत काढली. प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या दुकानाला सर्वांत वर ठेवायचं, म्हणजे बाजारात पहिला कोणी नाही आणि शेवटचाही कोणी नाही. ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. नावांना जागा पुरेना, तेव्हा माल हटवण्यात आला. डोमाजींच्या वेबसाइटवरचा पेढा सदाशिवरावांच्या फोटोला अडचण करत होता, तो गेला.

पुढे लिंकचं पावित्र्य राखण्यासाठी तोंडी लिंकवर बंदी आली. गिऱ्हाइकाला तोंडाने दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगणं म्हणजे क्रम डावलणं. बस स्टँड कुठे आहे, असं विचारणाऱ्यालाही व्यापारी आता कॉम्प्युटरकडे बोट दाखवत. वेबसाइट लोक पाहतात, याबद्दल कोणालाही शंका नव्हती. भेटींचा आकडा रोज वाढत होता. तो कसा वाढतो हे उज्वलाला ठाऊक होतं. दर सकाळी प्रत्येक व्यापारी शेजाऱ्याच्या वेबसाइटवर जाऊन आपलं नाव जागेवर आहे ना ते बघून येई. वाचकांनी त्यांना हसण्याची घाई करू नये. घरी लग्नपत्रिका आली की आपण आधी मुहूर्त पाहतो की आपलं नाव, हे ज्याचं त्याने आठवून घ्यावं.

वर्षश्राद्ध झालं आणि सदाशिवराव स्वतः उज्वलाच्या दुकानात आले. गादीच्या कडेला बसले, चहा घेतला, वडिलांची आठवण काढली. मग खिशातून ठराव काढला. तिच्या वेबसाइटवर अजून रूपरावाची ओळ होती. रूपरावाची वेबसाइट नव्हती; आपल्याला पाना पकडता येतो, माउस पकडता येत नाही, असं त्याने मंडळाला कळवलं होतं. म्हणजे तो आहेर फेडू शकत नव्हता. जो फेडू शकत नाही त्याला देणं हा बाकीच्यांचा अपमान होता.

"अन् बेटा, दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे," सदाशिवराव म्हणाले. "तिथं लिहिलं आहे, माझं नाव सांगा. आता अण्णाजी कैलासवासी आहेत. कैलासवासी माणसाचं नाव सांगून गिऱ्हाईक पाठवता येत नाही. उद्या ती शिफारस परत घ्यायची म्हटली, तर कोणी घ्यावी?"

आजच्या आज ती ओळ काढावी, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराच्या वेबसाइटवरून तिच्या दुकानाचं नाव निघेल. मग लग्नाच्या भांड्यांचं काम बाजार तिला सांगणार नाही, हेही त्यांनी मायेनेच सांगितलं.

घरोघरी कै. लोकांच्या नावाचे लोटे आहेत आणि त्यांतलं पाणी अजून कोणाला बाधलेलं नाही, असं तिच्या मनात आलं. पण ती बोलली नाही. सभेत बोलली नव्हती, तेरवीला बोलली नव्हती, बाबांपुढे तर नुसते सुस्कारे सोडले होते. तिने वेबसाइट उघडली. बाबांच्या तीन ओळींतली रूपरावाची निवडली. ती निळी झाली. पुसायला एक बटण पुरे होतं.

तेवढ्यात ओट्यावर एक म्हातारा येऊन टेकला. रोहणा गावचा तानबा. हातात बिनशिट्टीचा कुकर, धोतरावर धूळ.

"कुकरची शिट्टी पाह्यजे, बाई," तो म्हणाला. "सकाळी आलो तवा तुमचं दुकान उघडलं नव्हतं, तवापासून फिरून राह्यलो. पेढेवाल्यानं टीव्हीत गादीवाला दाखवला. गादीवाल्यानं कापडवाला दाखवला. कापडवाल्याच्या पोरानं तुमचं दुकान दाखवलं. म्यां म्हटलं, तिथूनच तं निघालो."

सदाशिवरावांनी समाधानाने मान हलवली. गोल पद्धत बिनचूक चालत होती. त्यांनी तानबाला पडद्याकडे बघण्याची सूचना केली.

"ते मले वाचता येत नाई," तानबा म्हणाला. "मागच्या खेपेला अण्णाजीनं सांगितलं होतं. दुकान याद नाई राह्यलं. अण्णाजीचा हात याद आहे. असा केला होता." त्याने कुकर खाली ठेवला आणि हात लांब केला, पण तो कुठल्या दिशेला, ते त्याला आठवेना. हात हवेत फिरत राहिला. "अण्णाजी नाईत काय?"

उज्वलाने बटणावरचं बोट उचललं.

"बेटा, तोंडी लिंक आहे ती," सदाशिवराव हळूच म्हणाले. "मंडळाला कारवाई करावी लागेल."

ती गादीवरून उतरली. चपला न घालताच ओट्यावर आली. समोर बाजार होता, प्रत्येक दुकानात एक पडदा आणि प्रत्येक पडद्यावर शेजाऱ्याचं नाव. तिने हात लांब केला, टाकीच्या दिशेने, आणि तो तानबाच्या हाताच्या शेजारी स्थिर धरला.

"रूपरावकडे जा, बुवा, पाण्याच्या टाकीजवळ," ती म्हणाली. साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं. "अन् माह्या बाबाचं नाव सांगजा."