प्रेक्षणीय स्थळ : नळकांडी पूल

जे पाहायला माणसे येतात ते प्रेक्षणीय. ही व्याख्या शासनाने कुठे लिहून ठेवलेली नाही. पण ती चूक आहे, असेही कुठे लिहिलेले नाही.

अंबडजवळच्या निंबोणा खुर्दला दिवाळीनंतर वरून पत्र आले : गावातील पर्यटनस्थळांची माहिती आज पाचपर्यंत पाठवावी, निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही. (पत्र साडेचारला पोचले.)

ग्रामसेवक रामराव पंचायतीच्या शिपायाला म्हणाले, "कडूबा, आपल्या गावात लोक काय बघाया येतात रे?"

"पूल," कडूबा म्हणाला.

यात थट्टा नव्हती. ओढ्यावरचा नळकांडी पूल दोन पावसाळ्यांमागे मधोमध खचला. तेव्हापासून एसटी पलीकडेच थांबते आणि कडूबाची लेक साक्षी चपला हातात घेऊन, ओढा उतरून अंबडच्या कॉलेजला जाते. पाण्याला जोर असला की कडूबाचा जीव ती पलीकडे चढेपर्यंत काठावर उभा असतो. पाहणीची नोंदवही सांभाळायचा तोच. आजवर एकवीस पथके, त्र्याण्णव साहेब, चार ड्रोन. (एक बाभळीत अडकला, तोही पाहण्यासारखा आहे.) प्रत्येकाने खचलेल्या जागी फोटो काढला, कडूबाच्या आईच्या, गिरिजाबाईच्या, हातचा चहा घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिले, 'पाहणी केली.'

गाड्या गेल्या की गिरिजाबाई पातेले घासत गुणगुणायची :

पाहुण्यांनी पाहिला गं, पूल माझा लाजला,
पसंतीचा सांगावा गं, वाटंमधी भिजला.

रामरावांनी तक्ता भरला. स्थळ : नळकांडी पूल. योग्य काळ : बारमाही, पावसाळ्यात लांबून. सोयी : चहा. अभ्यागतांच्या संख्येवर निंबोणा तालुक्यात पहिले आले. फलक लागला, बाकडे आले. मागोमाग दुरुस्तीची मंजुरी आली आणि त्याच टपालाने ती रद्दही झाली : पर्यटनस्थळाचे मूळ रूप बदलता येत नाही.

"म्हंजी भाऊसाहेब, आपणच अडवला का पूल?" कडूबाने विचारले.

"अडवला न्हाई. जतन केला," रामराव खाली बघत म्हणाले.

साक्षी दारातच उभी होती, सलवार गुडघ्यापर्यंत ओली. "बाबा, मंग पूल बघायला आलेल्या लोकांनी ओढा कसा उतरायचा? त्यांना बघायसाठी बाजूला एक पूल नको का?"

रामरावांनी तिच्याकडे पाहिले, आणि कोरा कागद ओढला.

खचलेला पूल नीट पाहता यावा म्हणून शेजारी नवा पूल; हा प्रस्ताव अकरा दिवसांत मंजूर झाला. एसटी जाईल एवढा रुंद. (पर्यटक एसटीनेच येतात.) अट एकच : नोंदवहीत शंभर अभ्यागत हवेत. फलक लागल्यापासून सहा जण येऊन गेले. नव्व्याण्णव झाले.

कडूबा चार दिवस वही उघडून बसला होता. आज त्याचा चेहरा खुलला आहे. वाचकहो, आपण आत्ताच पूल अगदी निवांत पाहिलात, साक्षीलाही ओढा उतरताना पाहिलेत. शंभरावे नाव आपले लिहिले आहे. अभिप्रायाचा रकाना त्याने विचारल्याशिवायच भरला, राग नसावा : 'पाहणी केली.'

चहा घेऊन जा.