बारदान वजा

दगडूतात्यांसमोर ताठ उभं राहू नये. ते माणसाकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघतात आणि सगळ्यांदेखत त्याचं वजन सांगून मोकळे होतात. मागं पुणतांब्याला एका लग्नात नवरदेवाची मावशी हौसेनं पाया पडायला आली, तर आशीर्वाद राहिला बाजूला, तात्या म्हणाले, "ब्याऐंशी. साडी वजा करून." ती बाई पंगतीत आमच्याकडे पाठ करून बसली. वर यांचं पालुपद ठरलेलं, "काटा खोटं बोलंल, डोळा न्हाई." पूर्वी असे नव्हते हो. त्यांची बायको, आमच्या शेवंताकाकू, गेल्या आणि तीन वर्षांत हे खूळ वाढलं.

तात्या राहात्याच्या मार्केट यार्डात तीस वर्षं मापाडी होते. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढवायचं, वजन पुकारायचं आणि त्यातून रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करायचं. मोजताना पहिलं पोतं कधी 'एक' नसतं, ते 'लाभ'. जुनी रीत आहे. काम सुटलं तरी तात्यांचं मोजणं सुटलं नाही. जिना चढताना लाभ, दोन, तीन. चहात साखर टाकतानाही लाभ, दोन, तीन, आणि तिथंही थांबत नाहीत.

ते माझं दुखणं, कारण मी गावची आशा सेविका आणि तात्यांची शेजारीण. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं वजन, बीपी, शुगर तपासून फॉर्म भरायचा हे माझं काम. तात्यांच्या फॉर्मात वजनाचा रकाना तीन वर्षं कोरा. दरवेळी मी काटा पिशवीतून काढायचा आणि त्यांनी म्हणायचं की माणूस काय पोतं आहे का, आणि मापाडी काट्यावर चढवतो, चढत नसतो. बीपीचा पट्टा तेवढा बांधू द्यायचे. एकशे सत्तर-शंभर आहे म्हटलं तर म्हणाले, "भाव चांगला हाय. टिकू दे." गोळ्या दिल्या त्या काकूंच्या फोटोमागं डबीत जशाच्या तशा. आणि हातात खारे दाणे! मीटिंगमध्ये त्या कोऱ्या रकान्यावरून बोलणी मी खायची.

मग परवा सोमवारी पारावर बसल्या बसल्या तात्या घेरी येऊन कलंडले. राहात्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पुढच्या वेळी लकवा मारेल. रोज गोळी घ्या, मीठ तोडा, चाला आणि आठ किलो वजन घटवा. तेही नजरेनंच मापलं, कारण तात्या त्यांच्याही काट्यावर चढले नाहीत. बाकी सगळं त्यांनी ऐकून घेतलं, पण 'घटवा' म्हटल्यावर उसळलेच. तीस वर्षांत शेतकऱ्याच्या मालाची पावशेर घट होऊ दिली नाही आणि हा कालचा पोरगा मला घट सांगतो! येताना रिक्षाभर तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काटा नेऊन त्यांच्या ओट्यावर आदळला. माझंही डोकं फिरलं होतं. आडवे पडल्यावर यांचं करणार कोण? पोरगी नाशिकला, घरात दुसरं माणूस नाही.

"तात्या," म्हटलं, "ते आठ किलो तुमचे नाहीतच. ते बारदान आहे. आणि बारदान वजा करत नाही तो कसला मापाडी?"

भल्याभल्या व्यापाऱ्यांना गप्प करणारा माणूस मी त्याच्याच शब्दानं गप्प केला, म्हणून मला आतून गुदगुल्या होत होत्या. त्यांनी चपला काढल्या. डोळे मिटून काट्यावर उभे राहिले.

"चौऱ्याऐंशी," मी वाचलं.

"लाभ," ते हळूच म्हणाले, पण उतरले नाहीत. तसेच उभे राहून बोलायला लागले. काकूंना दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचे, तिथं आधी काट्यावर उभं करायचे. एकावन्न, मग सत्तेचाळीस, मग त्रेचाळीस. नर्स लिहून घ्यायची, तात्या भिंतीकडं बघायचे.

"त्याच्या आदी चार म्हयने मला डोळ्यानं दिसलं हुतं," ते म्हणाले. "घट हुतीय म्हनून. बोललो न्हाई. म्हनलं, वंगाळ कशाला बोलायचं. तवापासनं दिसंल ते बोलून टाकतो."

माझ्या डोळ्यांसमोर ती पंगतीत पाठ करून बसलेली मावशी आली. तिच्यावर आम्ही किती हसलो होतो. आता हसू येईना.

तात्या उतरले. "आता तू चढ."

मी कशाला, म्हटलं. आशा वजन करते, आशेचं कुणी करत नसतं.

"दिवाळीला अठ्ठावन हुतीस. आता चोपन्नबी न्हाईस."

त्यांची खोड मोडावी म्हणून चढले. त्रेपन्न किलो आठशे. मी हसले. म्हटलं, "काही नाही हो तात्या, उन्हातान्हाची फिरते, त्यानं असेल."

"तीबी हेच म्हनली हुती."

तात्या घरात गेले. फोटोमागची डबी काढली, एक गोळी पाण्याबरोबर गिळली आणि बाहेर येऊन चपला घातल्या. माझा काटा पिशवीत भरला आणि ती पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

"चल राहात्याला," म्हणाले. "गोळी म्या घेतली. आता तू डॉक्टरला दाखव."

माझी अजून अकरा घरं राहिली होती. पण काटा त्यांच्या खांद्याला होता, आणि तात्या पायऱ्या उतरायला लागले होते. लाभ, दोन, तीन. मी मागं निघाले.